डिस्ट्रिब्युटर फिरवण्याआधी : जुन्या एमजीबीचं टायमिंग कुठे बिघडलंय ते कसं ओळखावं

जुन्या पेट्रोल गाडीचा पिकअप गेला, की बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग) सैल करायचा आणि इंजिनाचा आवाज बरा वाटेपर्यंत इकडे-तिकडे फिरवायचा, हा सर्रास चालणारा उपाय. कधीकधी गाडी त्याने सुधारतेही, आणि धोका नेमका तिथेच आहे. मूळ बिघाड जागच्या जागी राहतो, फक्त झाकला जातो. महिनाभराने गाडी चढाला टिणटिण आवाज करू लागते किंवा गरम झाल्यावर स्टार्टच होत नाही, आणि आपण भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

उदाहरणासाठी एमजीबी घेऊ. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही स्पोर्ट्स कार पाच लाखांहून जास्त संख्येने बाहेर पडली. ब्रिटन आणि अमेरिकेत आजही हौशी मंडळी ती स्वतःच्या हाताने सांभाळतात. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ‘बी सिरीज’ घराण्यातलं, आणि आपल्या ॲम्बॅसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. फायरिंग ऑर्डरही तीच, १-३-४-२. ज्यांनी ॲम्बॅसेडरचे पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघड-मीट होणारे संपर्क) घासलेत त्यांना एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर काहीच परकं वाटणार नाही. ॲम्बॅसेडरवाल्यांनाही इथली तपासणी जशीच्या तशी लागू पडते, फक्त आकडे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधले घ्यायचे.

ठिणगी आधी का पडावी लागते

प्लगची ठिणगी पडली म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण एका झटक्यात जळून जातं, असं नाही. ज्योत प्लगपासून निघून पसरत जाते आणि दाब शिगेला पोचायला ढोबळमानाने दोन मिलिसेकंद लागतात. हा जास्तीत जास्त दाब पिस्टन अगदी वर असताना आला तर उपयोगाचा नाही. सायकलचं पायडल बरोबर वरच्या टोकाला असताना कितीही जोर लावा, चाक फिरत नाही. ते थोडं पुढे गेलं की तोच जोर कामी येतो. क्रँकचंही तसंच आहे. पिस्टन वरच्या टोकावरून, म्हणजे टीडीसीवरून, साधारण १५ अंश पुढे गेल्यावर दाब शिगेला असावा.

आता हिशोब करू. क्रँक मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर एका मिलिसेकंदात तो ३.६ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांना तोच एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. जळायला लागणारा वेळ तेवढाच राहिला, तर दोन मिलिसेकंदांत आयडलिंगला क्रँक जेमतेम ७ अंश सरकेल आणि ३००० ला ३६ अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडायला हवी. प्रत्यक्षात वेग वाढला की मिश्रण जास्त घुसळलं जातं आणि लवकर जळतं, त्यामुळे ही मागणी वाढतच जात नाही. बी सिरीज इंजिनाला फुल थ्रॉटलवर, वरच्या वेगात, टीडीसीच्या आधी तीस-बत्तीस अंश एवढं पुरतं.

वेगाबरोबर दुसरी गोष्ट येते ती लोडची. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकलेला असतो तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं. असं विरळ मिश्रण सावकाश जळतं, त्याला ठिणगी आणखी आधी लागते. पाय दाबला की मिश्रण दाट होतं, भराभर जळतं, आणि तो जादा ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी आधी पाडण्याचे ते जादा अंश, ताबडतोब काढून घ्यावा लागतो.

तर टायमिंग, म्हणजे ठिणगी टीडीसीच्या किती अंश आधी पडते ते, ही तीन आकड्यांची बेरीज आहे. डिस्ट्रिब्युटर बसवतानाच दिलेला मूळ ॲडव्हान्स, वेगाबरोबर बाहेर फेकल्या जाणाऱ्या दोन वजनांनी दिलेला ॲडव्हान्स, आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमवर हलणाऱ्या डायफ्रामने दिलेला ॲडव्हान्स. डिस्ट्रिब्युटर फिरवून आपण फक्त पहिला बदलतो. बिघाड दुसऱ्या किंवा तिसऱ्यात असेल, तर पहिला बदलून बेरीज एखाद्याच वेगाला जुळते, बाकी सगळीकडे चुकते. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

लक्षणं काय सांगतात

गाडी सगळ्याच वेगांना मरगळलेली, इंजिन तापतंय, पेट्रोल जास्त पितंय, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नेहमीपेक्षा जास्त भाजतोय : मूळ टायमिंग मागे, म्हणजे रिटार्ड. ठिणगी उशिरा पडल्याने मिश्रण जळत-जळत बाहेर जातं आणि ती उष्णता कामाला न येता एक्झॉस्टला मिळते. उलट, गरम इंजिन स्टार्ट करताना स्टार्टर मध्येच अडतो, मागे झटका देतो : मूळ टायमिंग फार पुढे.

आयडलिंग छान, गावात चालवायला छान, पण अडीच हजारांच्या वर गाडीत जीवच नाही, असं असेल तर संशय वजनांवर घ्यायचा. ती गंजून किंवा वाळलेल्या ग्रीसमुळे अडकलेली असतात. याच्या उलट वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या, तर ॲडव्हान्स गरजेपेक्षा आधीच येतो आणि मधल्या वेगात, चढावर, पाय दाबताच पिंकिंग, म्हणजे टिणटिणाट, ऐकू येतं. फुल थ्रॉटलला गाडी पळते, पण हायवेला एका वेगात जाताना सुस्त वाटते आणि ॲव्हरेज घसरलंय : तिथे व्हॅक्यूमचा डायफ्राम फाटलेला असण्याची दाट शक्यता.

पिंकिंगबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. चढाला लोड येताच इंजिनातून जो बारीक, धातूचा टिणटिणाट येतो, तो ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकल्याचा आवाज आहे. ‘थोडं वाजतंय, पण पळते मस्त’ म्हणून बरेच जण तसंच चालवतात. कृपा करून तसं करू नका. त्या प्रत्येक धक्क्याने पिस्टनचा माथा आणि रिंगांमधल्या पातळ कडा मार खात असतात, आणि मोकळ्या हायवेला वाऱ्याच्या आणि एक्झॉस्टच्या आवाजात तेच पिंकिंग आपल्याला ऐकूही येत नाही.

ही सगळी लक्षणं टायमिंगशिवाय इतर कारणांनीही दिसतात. म्हणून आधी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (एमजीबीला थंड इंजिनावर १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश), मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा खेचली जातेय का, आणि दोन्ही एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या तेलाच्या नळीत) तेल आहे का, एवढं बघून घ्या.

पुलीवरची खूण खरं बोलतेय का?

टायमिंग मोजायचं ते पुलीवरच्या खाचेवरून आणि टायमिंग कव्हरवरच्या दात्यांवरून. सुरुवातीच्या एमजीबीत या खुणा पुलीच्या खालच्या बाजूला आहेत, त्यामुळे गाडीखाली वाकावं लागतं. नंतरच्या गाड्यांत त्या वर आल्या. कुठेही असल्या तरी विश्वास ठेवण्याआधी तपासा. कंप शोषणाऱ्या डॅम्पर पुलीत आतला गाभा आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं. चाळीस-पन्नास वर्षांत ते रबर सुटतं आणि बाहेरचं कडं सरकतं. खाच दहा अंश सरकली असेल, तर पुस्तकातला आकडा अगदी नेमका लावूनही टायमिंग दहा अंशांनी चुकलेलं राहतं.

तपासायची पद्धत सोपी आणि बिनचूक आहे. चारही प्लग काढा. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप, म्हणजे पिस्टनला वर येताना अडवणारा अडसर, घट्ट बसवा. जुन्या प्लगमधलं पोर्सलीन काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवला तरी चालतो. आता क्रँक हाताने सावकाश फिरवा. पिस्टन स्टॉपला टेकला की पुलीवर खडूने खूण करा. उलट्या दिशेने फिरवून पुन्हा टेकवा, दुसरी खूण करा. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. जुनी खाच तिथेच आली तर उत्तम, नाही तर नवी खूण पांढऱ्या रंगाने पक्की करा. स्टॉप बसवलेला असताना स्टार्टर चुकूनही मारू नका, पिस्टनला भोक पडेल. बॅटरीची वायर काढून ठेवलेलीच बरी.

आधी पॉइंट, मग टायमिंग

हा क्रम उलटा केला की सगळी मेहनत वाया. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या फायबरच्या टाचेला उचलतो आणि पॉइंट उघडतात, त्याच क्षणी ठिणगी पडते. गॅप जास्त असेल तर पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जातं. टाच झिजत जाते तसा गॅप कमी होतो आणि टायमिंग हळूहळू मागे पडतं. कुणी हात न लावता गाडी दोन वर्षांत सुस्त का होते, याचं सर्वांत साधं उत्तर हेच.

एमजीबीचा गॅप १४ ते १६ थाऊ, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिमी. पॉइंटवर एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झाला असेल, तर फीलर गेज चुकीचं माप दाखवतं. तेव्हा ड्वेल मीटर जास्त भरवशाचा. जुन्या २५डी४ मॉडेलच्या डिस्ट्रिब्युटरला ड्वेल ६० अंश, म्हणजे दर सिलिंडरमागे मिळणाऱ्या ९० अंशांपैकी ६० अंश पॉइंट मिटलेले. ड्वेल एका अंशाने बदलला की क्रँकवरचं टायमिंगही साधारण एका अंशाने हलतं. ड्वेल मीटरचा काटा वेग वाढवताच खूप नाचू लागला, तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजलाय असं समजा. कॅपखाली फिरणारा रोटर काढून शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवून बघा, हाताला खटखट जाणवली तर खात्रीच पटेल. असा शाफ्ट असताना टायमिंग लावणं व्यर्थ आहे, आधी बुश बदला.

बल्ब आणि स्ट्रोब

इंजिन बंद ठेवून मूळ टायमिंग बघायला बारा व्होल्टचा एक छोटा बल्ब पुरतो. त्याची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या लो टेन्शन (कमी व्होल्टेजच्या) टर्मिनलला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला. इग्निशन चालू करा. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच पुढे ढकला, क्रँक फिरू लागेल. पॉइंट उघडताच बल्ब पेटतो. तो पेटतो त्या क्षणी पुलीची खाच किती अंशावर आहे, हे मूळ टायमिंग. खूण ओलांडून पुढे गेलात तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढच्या दिशेनेच या, नाही तर चेन आणि गिअरमधला ढिलेपणा मापात शिरतो. सुरुवातीच्या हाय कॉम्प्रेशन इंजिनाला, म्हणजे १८जी, १८जीए, १८जीबी या मालिकांना, हा आकडा टीडीसीच्या आधी १० अंश. स्ट्रोबने, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने, ६०० आरपीएमला तोच १४ अंश दिसायला हवा, कारण तेवढ्या वेगाला वजनं थोडी उघडलेली असतात. नंतरच्या १८व्ही मालिकेचे आकडे वेगवेगळे आहेत, तेव्हा इंजिन नंबरची पट्टी वाचल्याशिवाय कुणाचा ऐकीव आकडा घेऊ नका.

स्ट्रोब लाइट मात्र खरा वैद्य आहे. बहुतेक जण त्याने एक आकडा वाचतात आणि दिवा बाजूला ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, क्लिप पहिल्या प्लगच्या वायरला लावा, आणि खुणेकडे निदान अर्धं मिनिट नुसतं बघत राहा. खूण दगडासारखी स्थिर आहे का? ती दोन-तीन अंश मागे-पुढे तरंगत असेल, तर टायमिंग चेन किंवा डिस्ट्रिब्युटर फिरवणारा गिअर ढिला झालाय. मग कॅप काढून क्रँक हाताने किंचित उलट-सुलट फिरवा आणि रोटर हलायला क्रँकला किती जावं लागतं ते बघा. ढिलेपणा डोळ्यांनी दिसेल.

आता क्लिप पहिल्या वायरवरून काढून चौथ्या वायरला लावा. या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन बरोबरच वर येतात, त्यामुळे खूण तिथेच दिसायला हवी. पहिलीवर १४ आणि चौथीवर १० दिसत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा कॅम किंवा शाफ्ट झिजलाय आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळं टायमिंग मिळतंय. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी पुलीवर खुणेच्या बरोबर समोर, १८० अंशांवर, आणखी एक रेघ मारून हेच करता येतं. आयडलिंग कधीच एकसारखं होत नाही अशी तक्रार असलेल्या गाड्यांत ही तपासणी कार्ब्युरेटर उघडण्याआधी करावी, असं माझं ठाम मत आहे.

हे करताना मोकळे कपडे, ओढणी, मनगटावरचा धागा सांभाळा. स्ट्रोबच्या उजेडात पंख्याची पाती थांबल्यासारखी भासू शकतात.

वजनं, स्प्रिंगा आणि डायफ्राम

स्ट्रोब तसाच धरून वेग सावकाश वाढवा. खूण न अडखळता पुढे सरकत गेली पाहिजे, एका वेगानंतर थांबली पाहिजे, आणि पाय काढल्यावर मूळ जागी परत आली पाहिजे. सरकलीच नाही तर वजनं अडकलीत. झटक्याने सरकली तर स्प्रिंगा ढिल्या किंवा तुटलेल्या. परत आली नाही तर कॅम आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेल नाही. इंजिन बंद असताना याची सोपी चाचणी अशी : कॅप काढून रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने, एमजीबीत वरून बघता घड्याळाच्या उलट, थोडा पिळा आणि सोडा. तो टुणकन परत यायला हवा. येत नसेल तर रोटरखाली दोन थेंब इंजिन ऑइल सोडून बघा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

स्प्रिंगा बघताना गोंधळ होतो. लुकास कंपनीच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन स्प्रिंगा मुद्दामच वेगळ्या असतात, एक नाजूक आणि दुसरी जाड, आणि जाड स्प्रिंग सुरुवातीला सैल दिसते. ती बिघडलेली नाही, तिचं काम वरच्या वेगात सुरू होतं. ‘दोन्ही सारख्या हव्यात’ म्हणून कुणी बदलल्या असतील, तर ॲडव्हान्सचा सगळा आलेखच बदललेला असतो. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर ठोकलेला पाच आकडी नंबरही वाचा. दिसायला सारख्या डिस्ट्रिब्युटरांची आतली वजनं-स्प्रिंगा गाडीगणिक वेगळ्या आहेत, आणि साठ वर्षांत कुणी कुठल्या गाडीचा बसवला असेल सांगता येत नाही.

व्हॅक्यूमसाठी यंत्र नसलं तरी चालतं. नळी कार्ब्युरेटरकडच्या टोकाला काढा, तोंडाने हवा ओढा आणि टोकावर जीभ दाबून धरा. पॉइंटची प्लेट हलली आणि तशीच टिकली तर डायफ्राम शाबूत. सावकाश परत आली तर तो फाटलाय. सुरुवातीच्या एमजीबीत ही नळी कार्ब्युरेटरवरून येते, तिथे आयडलिंगला व्हॅक्यूम जवळपास नसतो. पुढच्या काही गाड्यांत ती थेट इनटेक मॅनिफोल्डवरून येते, तिथे आयडलिंगलाच भरपूर ॲडव्हान्स मिळतो. नळी चुकीच्या जागी जोडलेली असेल, तर मूळ टायमिंग अचूक असूनही आयडलिंग जमत नाही.

याच प्लेटला जोडलेली एक बारीक, कापडी आवरणाची अर्थची वायर असते. प्लेट हजारो वेळा मागे-पुढे झाल्यावर ती आतून तुटते, वरचं आवरण मात्र धड दिसतं. मग पाय कमी-जास्त करताना गाडी मिसिंग करते, उभ्या गाडीत सगळं ठीक वाटतं, आणि मालक टायमिंगला दोष देत राहतो. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर असेल तर त्याच्याकडे बघा. गाडी गिअरमध्ये चालू असताना इंजिन मध्येच बंद पडलं आणि काटा त्याच क्षणी शून्यावर आदळला, तर बिघाड पॉइंट, ही वायर, कॉइलची लो टेन्शन बाजू यांच्यात कुठेतरी आहे. काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरला, तर हाय टेन्शन किंवा पेट्रोलकडे वळा.

सगळं बिनचूक, तरी पिंकिंग?

वर सांगितलेले आकडे साठच्या दशकातल्या चांगल्या ऑक्टेनच्या, शिसं घातलेल्या पेट्रोलसाठी ठरवलेले आहेत. ब्रिटनमध्ये शिशाचं फोर-स्टार पेट्रोल २००० साल उजाडताना पंपांवरून गेलं, आणि सप्टेंबर २०२१ पासून तिथलं साधं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल ई१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, झालं. एमजीबीच्या हाय कॉम्प्रेशन इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ८.८ ला १. तिला ९७ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं पेट्रोल द्यावं, ई१० मधल्या इथेनॉलपासून जुन्या रबरी नळ्याही वाचतात. तरीही चढाला वाजलं, तर आता डिस्ट्रिब्युटर फिरवायला हरकत नाही, कारण बाकी सगळं तपासून झालंय. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की टायमिंग पुढे, उलट फिरवलं की मागे. २५डी४ ला बाजूला खाचा असलेलं छोटं चाकच दिलंय, त्यावर ए आणि आर अशी अक्षरं आहेत; त्याने टिकटिक करत एकेक पायरी मागे या. गाडी पूर्ण गरम करून, टॉप गिअरमध्ये, चढावर पाय दाबून ऐका. पिंकिंग जिथे थांबतं तिथे थांबा. तीन-चार अंशांहून जास्त मागे जावं लागत असेल, तर वजनं, स्प्रिंगा आणि सिलिंडरमधला कार्बन पुन्हा बघा.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवावा का, असं बरेच जण विचारतात. जरूर बसवा, टाच झिजण्याची कटकट कायमची जाते आणि झिजलेल्या शाफ्टचा त्रासही थोडा कमी होतो. मात्र तो सेन्सर त्याच जुन्या वजनांवर, त्याच स्प्रिंगांवर आणि त्याच डायफ्रामवर बसतो. म्हणून तो आणायच्या आधी वरची तपासणी करून घ्या, आणि बसवल्यावर टायमिंग स्ट्रोबने नव्याने लावा.